मॅक ॲड्रेस म्हणजे कुलूप नव्हे, साहेब!

पुण्यात सिग्नलला गाडी थांबली की मागचा माणूस नंबर प्लेट वाचतो आणि मनातल्या मनात हिशोब करून मोकळा होतो. एमएच-२४ म्हणजे लातूर, एमएच-२६ म्हणजे नांदेड. "मराठवाड्याचं पाव्हणं दिसतंय." प्लेटवरचा नंबर बोलका असतो, तो गाव सांगतो. शाळेचा यूडायस कोडही तसाच. २७१५ ने सुरू झाला की नांदेड जिल्हा, २७२८ ने सुरू झाला की लातूर. गाडीचं आणि शाळेचं गाव कळलं म्हणून कुणाचं बिघडत नाही. उलट सोयच होते.

पण काही नंबर मुके असावे लागतात. आणि काही नंबर ओळख सांगायला ठीक असतात, पण त्यांच्यावर कुलूप घालायचं नसतं. हा साधा फरक आपल्याकडे सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना कळत नाही आणि विकत घेणाऱ्या साहेबांना विचारावासा वाटत नाही. भोगतो कोण? तालुक्याच्या केंद्रावर बसलेला पोरगा, आणि त्याच्यासमोर दाखल्याच्या रांगेत उभी असलेली तुमची-माझी पोरं.

पोस्ट मोठी आहे. जूनमध्ये उत्पन्नाच्या, नॉन-क्रिमीलेयरच्या, डोमिसाईलच्या दाखल्यासाठी ज्यांनी खेटे घातलेत त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आधी मॅक ॲड्रेस म्हणजे काय ते सांगतो. कॉम्प्युटरला इंटरनेटची वायर लावायचं जे कार्ड असतं, किंवा वायफायचं कार्ड, त्या प्रत्येकाला कारखान्यातच एक नंबर दिलेला असतो. १२ अक्षरांचा. शून्य ते नऊ आणि इंग्रजी ए ते एफ एवढीच अक्षरं त्यात येतात. पहिली सहा अक्षरं कंपनीची, ती आयईईई नावाची जागतिक संस्था वाटून देते. पुढची सहा त्या कार्डाचा अनुक्रमांक. म्हणजे हाही बोलका नंबर, एमएच-२६ सारखाच. लिनक्सवर बघायचा असेल तर टर्मिनलमध्ये 'आयपी लिंक' अशी कमांड द्या, सगळी कार्डं आणि त्यांचे नंबर समोर येतात. त्यासाठी पासवर्डसुद्धा लागत नाही.

आता मजा ऐका. गाडीचा नंबर बदलायचा म्हटलं तर आरटीओत जावं लागतं, खोटी प्लेट लावली तर गुन्हा दाखल होतो. मॅक ॲड्रेस बदलायला त्याच लिनक्सवर ॲडमिनचा पासवर्ड आणि एक ओळ लागते. पाच सेकंद. विंडोजवरही बऱ्याच कार्डांना सेटिंगमध्ये तो रकाना असतो, नवा नंबर टाईप करायचा, झालं. ही काही हॅकरांची विद्या नाही, नेटवर्किंगच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. आणि एवढ्या मऊ मातीवर आमच्याकडे तिजोरी बांधायला निघालेत!

माझं काम कॉम्प्युटर दुरुस्तीचं. नांदेड आणि लातूर दोन्हीकडची गिऱ्हाईकं. सेवा केंद्रं, झेरॉक्सची दुकानं, अभ्यासिका, आडत दुकानं, लहान कॉलेजांच्या लॅब. हल्ली जवळपास प्रत्येक जागी एक तरी सॉफ्टवेअर असं निघतं जे 'मशीन रजिस्टर' मागतं. पहिल्यांदा सुरू केलं की ते मॅक ॲड्रेस वाचतं, कंपनीकडे पाठवतं, आणि त्या दिवसापासून 'फक्त याच मशीनवर चालेल'. कारण काय, तर सुरक्षा.

गेल्या उन्हाळ्यात एका तालुक्याच्या केंद्रचालकाचा फोन आला. वळवाचा पाऊस, वीज कडाडली आणि लॅन पोर्ट उडाला. आपल्याकडे मे-जूनमध्ये हे काही नवल नाही, वर्षाला अशी कितीतरी मशिनं माझ्याकडे येतात. बोर्ड ठीक होता. मी यूएसबीवर चालणारं लॅनचं डोंगल लावून दिलं. इंटरनेट सुरू. सॉफ्टवेअर मात्र म्हणालं, 'हे मशीन नोंदणीकृत नाही.' हेल्पलाईनला फोन केला. "अर्ज द्या, सही-शिक्का लागेल, नव्या मॅक ॲड्रेसचा फोटो पाठवा, वरून मंजुरी आली की होईल." अहो ताई, मशीन तेच, माणूस तोच, दुकान तेच, फक्त चारशे रुपयांचं डोंगल नवं. "सर, सिस्टीम ॲलाऊ करत नाही." नऊ दिवस गेले. नऊ दिवस त्या गावची पोरं दुसऱ्या तालुक्याला जाऊन फॉर्म भरत होती. किनवट-माहूरच्या माणसाला नांदेडला जाऊन यायचं तर दिवस मोडतो, जळकोट-देवणीच्या माणसाला लातूर गाठायचं तरी तेच. एका दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच.

याच डोंगलांची आणखी एक गंमत आहे. बाजारात येणाऱ्या स्वस्त यूएसबी-लॅन डोंगलांच्या काही खेपांत सगळ्यांचा मॅक ॲड्रेस एकच असतो. कारखान्याने वेगळे नंबर घालायचे कष्टच घेतलेले नसतात. म्हणजे अहमदपूरचं दुकान आणि मुखेडचं दुकान या 'सुरक्षित' सिस्टीमच्या लेखी एकच मशीन होऊ शकतं. जो नंबर दोघांकडे सापडतो आणि पाच सेकंदांत बदलतो, त्याला 'युनिक' म्हणायचं कोणत्या तोंडाने?

लाईट गेली, रस्ता खोदताना फायबर तुटली की केंद्रचालक काय करतो? मोबाईल केबलने जोडतो आणि त्याचं नेट वापरतो. कॉम्प्युटरला तेही एक नवं नेटवर्क कार्डच वाटतं. अनेक फोनांत त्या कार्डाचा मॅक ॲड्रेस दरवेळी नव्याने, आपोआप तयार होतो. सॉफ्टवेअर 'जे पहिलं सापडेल ते कार्ड' वाचत असेल तर सकाळी चाललेलं मशीन दुपारी अनोळखी ठरतं. केंद्रचालक बिचारा मलाच विचारतो, "दादा, व्हायरस आलाय का?" व्हायरस कसला, ज्याने प्रोग्राम लिहिला त्याने आमच्या भागात एक दिवस लाईटविना काढलेला नाही.

लिनक्सवर तर हाल आणखी वाढतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. जुन्या मशिनांवर विंडोज ११ कंपनीच्या नियमाने बसत नाही. नवा कॉम्प्युटर घ्यायची ऐपत सगळ्यांची नाही, म्हणून मी बऱ्याच ठिकाणी लिनक्स टाकून देतो. मशीन चांगलं पळतं. पण 'आम्ही लिनक्सला सपोर्ट करतो' म्हणणाऱ्या काही सॉफ्टवेअरांच्या प्रोग्राममध्ये अजून 'ईटीएच-शून्य' हेच नाव ठोकून बसवलेलं असतं. पूर्वी लिनक्समध्ये पहिल्या लॅन कार्डाला हेच नाव असायचं. २०१३ च्या सुमारास ती पद्धत बदलायला लागली. आता कार्ड बोर्डावर कोणत्या जागी बसलंय त्यावरून नाव पडतं, 'ईएनपी३एस०' असलं काहीतरी. प्रोग्राम जुनं नाव शोधतो, सापडत नाही, आणि सांगतो, 'हार्डवेअर आढळले नाही'. कार्ड तिथंच आहे राव, दिवे लुकलुकतायत! नीट यादी मागवून वाचली तर दहा ओळींचं काम आहे. दहा वर्षांत तेवढं जमलं नाही, पण वार्षिक देखभालीचं बिल मात्र दरवर्षी वेळेवर येतं.

आणखी एक गोष्ट साहेबांनी लक्षात घ्यावी. ब्राउझर कोणत्याही वेबसाईटला मॅक ॲड्रेस सांगत नाही. मुद्दामच सांगत नाही. मग या कंपन्या काय करतात? एक छोटा मदतनीस प्रोग्राम देतात, तो ॲडमिनच्या अधिकाराने बसवायला लावतात, तो दिवसभर मागे चालू राहतो आणि वेबसाईटला नंबर पुरवतो. ज्या मशीनवर अख्ख्या गावाचे आधार, बँक पासबुक, जातीचे दाखले स्कॅन होतात, त्या मशीनवर कुणी न तपासलेला, कधी अपडेट न होणारा प्रोग्राम पूर्ण अधिकाराने चालू. कुलूप लावायच्या नादात भिंतीला भोक पाडलंय.

आता कुणी म्हणेल, तुम्ही टीका करता, पण केंद्रचालक काय धुतल्या तांदळासारखे आहेत का? एक लॉगिन घेतात आणि चार दुकानांना भाड्याने देतात. हो, देतात. मला माहिती आहे, तुम्हालाही माहिती आहे. त्याला आळा बसलाच पाहिजे. पण मॅक ॲड्रेसच्या कुलपाने तो बसत नाही. ज्याला लॉगिन भाड्याने द्यायचंय तो चारही मशिनांना एकच मॅक ॲड्रेस लावतो. त्याचा भाचा तेवढं करून देतो. कुलपात अडकतो तो फक्त सरळ माणूस, ज्याचा बोर्ड खरंच जळालाय. चोराला मोकळी वाट आणि सावाला नऊ दिवसांची शिक्षा, असा हा बंदोबस्त आहे.

खरा उपाय आपल्याच तहसीलमध्ये रोज वापरात आहे. तलाठी, तहसीलदार डिजिटल सही कशाने करतात? यूएसबीच्या टोकनने, ज्याला आपण डीएससीचं डोंगल म्हणतो. त्याच्या आत गुप्त किल्ली असते, ती बाहेर कॉपी होत नाही, आणि वर पिन लागतो. कॉम्प्युटर जळाला तरी टोकन दुसऱ्या मशीनला लावा, सही होते. टोकन हरवलं तर ते रद्द करता येतं. बोटाचे ठसे घेणाऱ्या मशिनांसाठीही यूआयडीएआयने २०१७ मध्ये नोंदणीकृत उपकरणांची सक्ती केली, तिथंही भरवसा किल्लीने केलेल्या सहीवर आहे, लॅन कार्डाच्या स्टिकरवर नाही. मग केंद्राच्या लॉगिनलाच हे शहाणपण का सुचत नाही? कारण मॅक ॲड्रेस वाचणं फुकट आहे, आणि टेंडरच्या कागदावर 'हार्डवेअर लॉक' हे शब्द वजनदार दिसतात.

नंबर मुके का असावेत, हे जग एकदा ठेच खाऊन शिकलंय. कॉम्प्युटरच्या दुनियेत प्रत्येक फाईलला, प्रत्येक नोंदीला वेगळा नंबर देण्यासाठी यूयूआयडी नावाचा प्रकार आहे. जगात कुठंही, कुणालाही न विचारता बनवायचा, तरी दुसऱ्याशी जुळता कामा नये. पहिली युक्ती अशी होती: वेळ घ्या आणि त्याला मशीनचा मॅक ॲड्रेस जोडा. ती वेळही कुठून मोजायची, तर १५ ऑक्टोबर १५८२ पासून, युरोपात नवं कॅलेंडर लागू झालं त्या दिवसापासून! युक्ती चतुर होती, पण त्या नंबरात मशीनचं नाव-गाव आपोआप शिरलं. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस ९७ मध्ये बनवलेल्या फाईलींत असा नंबर गुपचूप बसायचा. वापरणाऱ्याला पत्ताच नाही. १९९९ च्या मार्चमध्ये हे उघड झालं, बोंबाबोंब झाली आणि कंपनीला दुरुस्ती द्यावी लागली. त्याच महिन्यात मेलिसा व्हायरस पसरला, आणि तो लिहिणाऱ्याच्या शोधात फाईलीतला हाच नंबर एक धागा म्हणून पुढे आला. व्हायरसवाला सापडला, चांगलंच झालं. पण जो नंबर व्हायरसवाल्याचं मशीन दाखवतो, तोच नंबर साहेबांच्या भ्रष्टाचाराची तक्रार टाईप करणाऱ्या शिपायाचं मशीनही दाखवतो.

आज लिनक्सवर 'यूयूआयडीजेन' ही कमांड दिली तर साधारणपणे पूर्ण रँडम नंबर मिळतो. त्यात १२२ बिट निव्वळ नशिबाचे, म्हणजे ५३ वर ३५ शून्यं इतक्या शक्यता. त्यात ना गाव, ना कंपनी, ना वेळ. त्याच कमांडला 'टी' हा पर्याय लावून दोनदा चालवा. शेवटची १२ अक्षरं दोन्ही वेळा तीच दिसतील, आणि 'आयपी लिंक'मध्ये दिसलेल्या तुमच्याच एखाद्या कार्डाच्या नंबराशी जुळतील. घरी लिनक्स असेल तर आत्ता करून बघा. २०२४ च्या मे महिन्यात यूयूआयडीचं नवं मानक आलं, त्यात स्पष्ट लिहिलंय की मॅक ॲड्रेस यात वापरू नये. आणि यूयूआयडी हे नाव आहे, किल्ली नाही, त्यालाही पासवर्ड समजू नये, हेसुद्धा लिहिलंय.

आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्या. २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत देशातला पहिला आधार नंबर दिला गेला. आधारवर टीका करायच्या शंभर जागा आहेत, रेशनवर बोट न उमटलेल्या म्हाताऱ्या मावशींना विचारा. पण तो नंबर बनवताना एक शहाणा निर्णय झाला. १२ आकड्यांत जिल्हा नाही, जात नाही, जन्मसाल नाही, स्त्री-पुरुष नाही. ११ आकडे रँडम, शेवटचा आकडा टायपिंगची चूक पकडायला. आकड्यावरून माणूस टेंभलीचा की दिल्लीचा हे सांगता येत नाही. सव्वाशे कोटींवर लोकांना मुका नंबर देणं ज्या देशात जमलं, त्याच देशात तालुक्याच्या केंद्राला बोलका आणि खोटा पाडता येणारा नंबर लावायची सक्ती होते, याला काय म्हणायचं?

आता पालकांसाठी. लातूर-नांदेडला नीट, जेईईची तयारी करणारी हजारो पोरं-पोरी होस्टेलमध्ये, अभ्यासिकांत असतात. बऱ्याच ठिकाणी वायफाय हवं असेल तर मोबाईलचा मॅक ॲड्रेस रजिस्टरमध्ये लिहून द्यावा लागतो. फोन बनवणाऱ्या कंपन्यांनी मधल्या काळात सुधारणा केली. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, आणि आयफोनवर २०२० पासून फोन प्रत्येक वायफायला वेगळा, बनवलेला नंबर सांगतो. हेतू हाच की कुणाला तुमचा माग काढता येऊ नये. मग अभ्यासिकेचा मालक काय म्हणतो? "ती प्रायव्हेटची सेटिंग बंद कर, मग नेट चालेल." पोरगी बंद करते. मग दुसरीकडच्या वायफायसाठी बंद करते, तिसरीकडच्याही. आता तिचा फोन तिन्ही ठिकाणी एकच कायमचा नंबर सांगतो. ती कोणत्या अभ्यासिकेत किती वाजता आली, किती वाजता गेली, दोन राऊटरच्या नोंदी शेजारी ठेवल्या की कुणालाही काढता येतं. नंबर नाव-मोबाईलसह लिहिलेलं रजिस्टर काउंटरवर उघडं पडलेलं असतंच. मालकाचा वाईट हेतू असतो असं माझं म्हणणं नाही, त्याला फुकटे वापरणारे रोखायचेत. त्यासाठी प्रत्येकाला वेगळा युजरनेम-पासवर्ड द्या. राऊटरमध्ये सोय असते, नसेल तर लावून देणारे आमच्यासारखे बसलेत.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने खासगीपणा हा मूलभूत हक्क म्हटलंय. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झालाय. ज्या माहितीवरून माणूस ओळखता येतो ती त्या कायद्याने वैयक्तिक माहिती. नावासमोर लिहिलेला मॅक ॲड्रेस त्यात येत नाही असं कुणी सांगून दाखवावं.

आणि दाखल्यांसाठी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आहे. मुदतीत सेवा दिली नाही तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंडाची तरतूद. पण मशीन कुलूपबंद असल्यामुळे अर्ज भरलाच गेला नाही तर मुदत सुरू कुठून होणार? ते नऊ दिवस कोणत्याच कागदावर नाहीत. कंपनीला दंड नाही, अधिकाऱ्याला दंड नाही, दंड एकट्या रांगेला.

नांदेड आणि लातूरच्या जिल्हा प्रशासनाला, आणि असली सॉफ्टवेअरं घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला, संस्थेला माझी मागणी आहे. पुढच्या करारात 'मॅक ॲड्रेस लॉक' हे शब्द दिसले तर ते खोडा आणि किल्ली असलेलं टोकन मागा. मशीन ओळखायला नंबर हवाच असेल तर सॉफ्टवेअर बसवताना एक रँडम यूयूआयडी बनवा आणि तेवढाच ठेवा. मशीन बदललं तर केंद्रचालकाला स्वतःच्या ओटीपीने आणि टोकनने त्याच दिवशी बदल नोंदवता आला पाहिजे, वरच्या मंजुरीची वाट न बघता. ज्यांचे करार आधीच झालेत त्यांनी निदान जून-जुलैपुरता एक माणूस बसवावा, जो फोन उचलेल आणि तासाभरात कुलूप काढेल.

केंद्रचालक मित्रांनो, तुमचं मशीन असं कधी, किती दिवस बंद राहिलं आणि किती अर्ज अडले ते खाली कमेंटमध्ये लिहा. तालुका लिहा, तारखा लिहा. सगळं गोळा करून दोन्ही जिल्हाधिकारी कार्यालयांत निवेदन द्यायचंय. कमेंटमध्ये कुणाचा आधार नंबर, लॉगिन आयडी टाकू नका. आणि मॅक ॲड्रेसचा फोटो तर अजिबात टाकू नका, मागच्या पोस्टवर तिघांनी टाकला होता.